नस वाचली आहे, मग हात वर का जात नाही?

तासगाव तालुक्यातील एका द्राक्षबागायतदार भगिनीचे पत्र आले आहे. पत्र मोठे असल्यामुळे त्यातील आवश्यक तेवढाच भाग येथे देत आहे.

"माझे वय ४९ आहे. डाव्या गालाच्या आतल्या बाजूला कर्करोग निघाल्यामुळे मार्चमध्ये माझी शस्त्रक्रिया झाली. गालाचा भाग काढून तेथे छातीचे मांस फिरवून लावले आणि मानेच्या डाव्या बाजूच्या गाठीही काढल्या. नंतर शेकाचे (रेडिएशनचे) तीस दिवस झाले, ते जूनच्या सुरुवातीला संपले. तोंडाची जखम भरली आहे, जेवण जाते. मात्र डावा हात खांद्याच्या वर जात नाही. वेणी घालता येत नाही, दोरीवर कपडे टाकता येत नाहीत, फळीवरचा डबा काढता येत नाही. डावा खांदा खाली आला आहे, पदर सारखा घसरतो. रात्री मानेमागचा भाग आणि खांदा एवढा ठणकतो की कूस बदलताना जाग येते. कानाची पाळी बधिर आहे. डॉक्टरांनी 'नस वाचवली आहे' असे सांगितले होते, मग असे का? कर्करोग खांद्याच्या हाडात उतरला असेल का? सोनोग्राफीत मानेत गाठ दिसली नव्हती, तरी मान का कापली? सासूबाई म्हणतात की खांद्यात वारं भरलं आहे. त्या तापवलेल्या वाळूच्या पुरचुंडीने शेकतात, आणि गावातील एक माणूस खांदा ओढून मोकळा करून देतो म्हणतो. मला साखरेचीही गोळी चालू आहे. आता फळछाटणी तोंडावर आली आहे. घरचे उघड बोलत नाहीत, पण मी काम टाळते असे त्यांना वाटत असावे. मी बागेत उतरू का?"

ताई, तुमच्या मनातील सर्वांत मोठ्या भीतीपासून सुरुवात करतो. खांदा खाली येणे, हात बाजूने वर नेताना तो खांद्याच्या रेषेपाशी अडणे, मानेच्या मागे व पाठीतल्या पात्याभोवती ठणका लागणे आणि कानाची पाळी बधिर होणे, ही सर्व लक्षणे मानेतील गाठी काढल्यानंतर उद्भवणाऱ्या खांद्याच्या त्रासाशी जुळतात. गालाचा कर्करोग पसरतो तेव्हा तो प्रथम मानेतील लसिकाग्रंथींकडे, म्हणजे शस्त्रक्रियेत काढतात त्या गाठींकडे, जातो. सरळ खांद्याच्या हाडात उतरणे ही त्याची नेहमीची वाट नव्हे. तरीही केवळ पत्र वाचून कोणी तुम्हाला निर्धास्त करू नये. मानेत किंवा कॉलरबोनच्या वर नवी गाठ हाताला लागली, कमी होत आलेले दुखणे पुन्हा दिवसेंदिवस वाढू लागले, हाताला मुंग्या येऊ लागल्या किंवा पंजाची पकड ढिली झाली, तोंडात न भरणारी जखम दिसली, गिळताना नव्याने त्रास होऊ लागला किंवा वजन घटू लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना त्याच आठवड्यात दाखवावे. हा आजार परतलाच तर बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत परततो, म्हणून या काळातील तपासणीची एकही तारीख छाटणीसाठी किंवा घरच्या कार्यासाठी पुढे ढकलू नये.

आता नसेविषयी. कवटीच्या तळातून निघणारी अकरावी नस, जिला डॉक्टर स्पायनल ॲक्सेसरी नस म्हणतात, ती कानामागच्या हाडाखालून मानेत उतरते आणि मानेची बाजू तिरकी ओलांडून ट्रॅपेझियस नावाच्या स्नायूत शिरते. हा मोठा, पसरट स्नायू डोक्याच्या मागच्या भागापासून पाठीच्या खालच्या भागापर्यंत मणक्यांना धरून असतो आणि त्याची दुसरी बाजू खांद्याच्या पात्याला व कॉलरबोनच्या बाहेरच्या टोकाला बांधलेली असते. आपण हात कानाला लागेपर्यंत वर नेतो तेव्हा त्यातील सुमारे दोन तृतीयांश हालचाल खांद्याच्या सांध्यात होते आणि उरलेली एक तृतीयांश पाते फिरल्यामुळे मिळते. पाते खाली घसरू न देणे आणि हाताबरोबर ते वर फिरवणे यात ट्रॅपेझियसचा वाटा मोठा आहे. तो गप्प झाला की पाते खाली व बाहेर सरकते, खांदा पुढे झुकतो, आणि हात आडवा होईपर्यंत जाऊन तेथेच अडतो. मांडवाची एक तार सैल झाली की वेलीचा भार शेजारच्या तारांवर येतो, तसा हाताचा सगळा भार मग मान आणि पाते यांच्यामधल्या लहान स्नायूंवर पडतो, आणि तुम्हाला रात्री जागवणारा ठणका बहुतांशी या थकलेल्या स्नायूंचा असतो.

डॉक्टरांनी नस वाचवली असे सांगितले ते खरे मानायला काहीच हरकत नाही. गालाच्या कर्करोगात मानेतील ज्या गाठी काढाव्या लागतात, त्यांतील वरच्या गाठी या नसेला अगदी खेटून, काही तर तिच्या मागे दडलेल्या असतात. त्या काढायच्या तर नस आजूबाजूच्या चरबीतून मोकळी करावी लागते आणि काही वेळ बाजूला ओढून धरावी लागते. या हाताळणीत ती ताणली जाते आणि तिला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या तुटतात. नस अखंड राहते, परंतु तिच्यातून स्नायूला निरोप जाईनासा होतो. ती नुसतीच सुन्न पडली असेल तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा काम करू लागते. आतील तंतू तुटले असतील तर ते दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढत जातात, आणि अशा रुग्णांत सुधारणा वर्षभर, कधी दीड वर्षापर्यंत चालू राहते. तुम्हाला अजून सात महिनेही पूर्ण झालेले नाहीत, तेव्हा सुधारण्याची मुदत संपली असे समजू नका. १९०६ मध्ये अमेरिकेतील शल्यविशारद जॉर्ज क्राइल यांनी मानेतील गाठी एकत्रितपणे काढण्याची पद्धत मांडली, तेव्हापासून पुढे कित्येक दशके ही नस, मानेतील मोठी शीर आणि बाजूचा जाड स्नायू ही तिन्ही सरसकट काढली जात असत. नस राखण्याची रीत १९६० नंतर हळूहळू रुळली. त्या जुन्या रुग्णांचा खांदा कायमचा अधू होत असे. तुमच्या बाबतीत आशेला जागा आहे ती या बदलामुळेच.

परंतु नस जागी होण्याची वाट पाहत हात पोटाशी धरून बसणे, ही या त्रासातील सर्वांत महागात पडणारी गोष्ट आहे. खांदा काही महिने पूर्ण हालला नाही तर सांध्याभोवतीचे आवरण आकसते आणि खांदा आखडतो, आणि मग नस पूर्ववत झाली तरी हात वर जात नाही, कारण आता सांधाच अडवून धरतो. तुमच्या बाबतीत आखडण्याची कारणे एकापेक्षा अधिक आहेत. मधुमेहात खांदा आखडण्याचे प्रमाण मुळातच जास्त असते. शेकामुळे मानेची कातडी व खालचे मांस हळूहळू कडक होत जाते, आणि हा कडकपणा शेक संपल्यानंतरही कित्येक महिने वाढू शकतो. शिवाय छातीचा स्नायू कॉलरबोनवरून गालापर्यंत वळवून नेलेला असल्याने छातीची डावी बाजू पुढून ओढल्यासारखी राहते आणि झुकलेला खांदा आणखी पुढे येतो. म्हणून आधी एक गोष्ट घरीच पाहून घ्या. पाठीवर उताणे झोपा, डावा हात पूर्ण सैल सोडा आणि यजमानांना तो कोपराखाली धरून अगदी सावकाश डोक्याच्या दिशेने न्यायला सांगा. दुसऱ्याच्या मदतीने हात बराच वर जात असेल तर सांधा अजून मोकळा आहे आणि अडचण मुख्यतः स्नायूच्या दुबळेपणाची आहे. दुसऱ्याच्या मदतीनेही तो जात नसेल, मध्येच घट्ट अडत असेल, तर खांदा आखडायला लागला आहे आणि फिजिओथेरपिस्टकडे जाणे या आठवड्यातच व्हायला हवे.

गाठ दिसत नसताना मान का कापली, हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि तो शस्त्रक्रियेपूर्वीच कोणीतरी नीट समजावून सांगायला हवा होता. तोंडाच्या कर्करोगाच्या पेशी मानेतील ग्रंथींत पोहोचल्या असल्या तरी त्या इतक्या थोड्या असू शकतात की हाताला किंवा सोनोग्राफीत काही सापडत नाही. अशा वेळी मानेतील ग्रंथी लगेच काढाव्यात की गाठ दिसेपर्यंत थांबावे, यावर डॉक्टरांमध्ये वर्षानुवर्षे मतभेद होते. त्याचे उत्तर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील अभ्यासाने दिले, जो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तोंडाच्या सुरुवातीच्या अवस्थेतील कर्करोगात ज्यांच्या मानेतील गाठी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, त्यांच्यापैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते, आणि ज्यांच्या बाबतीत गाठ दिसेपर्यंत थांबले, त्यांच्यात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. खांद्याचा त्रास ही या फायद्यासाठी मोजलेली किंमत आहे. ती लहान नाही, आणि 'जीव वाचला ना, मग खांद्याचे काय घेऊन बसलात' असे कोणी म्हणाले तर ते मला मुळीच पटत नाही.

घरच्यांच्या बाबतीत एक करून पाहा. पाठ यजमानांकडे करून उभ्या राहा, ब्लाउजवरूनही दिसते, आणि दोन्ही हात बाजूने सावकाश वर न्या. उजवे पाते बरगड्यांना धरून वर फिरताना दिसेल, तर डाव्याची आतली कड मणक्यापासून दूर सरकून बाहेर उचललेली दिसेल. जमल्यास हे सासूबाईंनाही दाखवा. मालाच्या ट्रेसाठी किंवा पाण्याच्या घागरीसाठी हात पुढे न करणारी सून आळशी वाटू शकते, कारण तिचा पंजा धड असतो, बोटे चालतात आणि चेहऱ्यावरची जखमही भरलेली असते. पात्याची हालचाल एकदा डोळ्यांनी पाहिली की बोलण्याचा सूर बहुधा बदलतो, असा माझा अनुभव आहे.

व्यायाम शक्यतो फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत. तासगावाहून मिरज-सांगली लांब नाही, आणि तपासणीला जाल त्याच दिवशी हे काम जोडून घेता येते. तोपर्यंत पुढील गोष्टी घरी सुरू करायला हरकत नाही. उताणे झोपून गुडघे वाकवावेत, हातभर लांबीची हलकी काठी दोन्ही हातांनी धरावी आणि उजव्या हाताच्या जोरावर डावा हात डोक्याच्या दिशेने न्यावा. ताण जाणवेल तेथे क्षणभर थांबावे आणि कळ येण्याच्या आत परतावे. झोपून केल्यामुळे हाताचे वजन खांद्याला खाली खेचत नाही आणि पात्यालाही जमिनीचा आधार मिळतो. त्याच स्थितीत डावे कोपर घडी केलेल्या टॉवेलवर, अंगाला लावून ठेवावे आणि काठीने डावा पंजा बाहेरच्या बाजूला ढकलावा. खांदा आखडतो तेव्हा ही बाहेर वळण्याची हालचाल सर्वांत आधी जाते. नंतर आरशासमोर ताठ बसून दोन्ही पाती मागे एकमेकांकडे आणावीत, पाच आकडे मोजेपर्यंत धरावीत आणि सोडावीत. आरसा यासाठी की डावा खांदा कितपत खाली आहे हे आपले आपल्याला कळत नाही, ते दिसावेच लागते. प्रत्येक प्रकार दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा, एवढे पुरेसे आहे. त्याबरोबर मान दोन्ही बाजूंना हळू वळवावी, आणि शेकानंतर जबडाही घट्ट होत जातो म्हणून तोंड उघडण्याचे जे व्यायाम दिले असतील ते सोडू नयेत.

हात थोडा सरावला की पुढचा टप्पा ताकदीचा, आणि बहुतेक रुग्ण नेमके याच टप्प्यावर थांबतात. कॅनडामध्ये डोके व मानेच्या भागातील कर्करोगातून बाहेर पडलेल्या ५२ रुग्णांवर झालेला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास असा सांगतो की, नेहमीच्या हालचालींच्या व्यायामापेक्षा, हळूहळू वाढवत नेलेल्या वजनाच्या किंवा ताणाच्या व्यायामाने बारा आठवड्यांत खांद्याचे दुखणे आणि अडचण अधिक कमी झाली. म्हणून फिजिओथेरपिस्टने रबरी पट्टा किंवा अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली हाती दिली तर घाबरू नका. मात्र ते वजन कधी आणि किती वाढवायचे हे त्यांनाच ठरवू द्या. शेजारी कोणी आखडलेल्या खांद्यासाठी कप्पी व दोरी वापरून बरे झाले असेल, तरी तो उपाय तुम्ही आपल्या मनाने करू नका. त्यांचे पाते फिरत होते, तुमचे पुरेसे फिरत नाही. अशा स्थितीत हात जोराने वर ओढला तर सांध्यावरचा स्नायू हाडांमध्ये चेपतो आणि दुखणे वाढते.

याच कारणासाठी खांदा ओढून मोकळा करणाऱ्या माणसाला नम्रपणे नकार द्या. तुमचा खांदा निखळलेला नाही, त्यामुळे बसवण्यासारखे त्यात काही नाही, आणि जागी होऊ पाहणारी नस झटक्याने पुन्हा ताणली जाण्याचा धोका आहे. वाळूचा शेक तर आजच थांबवा. गाठी काढताना कानाच्या पाळीकडे आणि मानेच्या कातडीकडे जाणाऱ्या संवेदनेच्या नसा बहुधा कापाव्याच लागतात. त्यामुळे येणारा बधिरपणा काळानुसार कमी होतो, पण काही भागात राहूही शकतो. बधिर कातडीला चटका कळत नाही, रेडिएशनचा शेक घेतलेली कातडी भाजली तर लवकर भरत नाही, आणि त्यात मधुमेह आहे. सासूबाईंची माया खरी आहे. शेकायच्या वेळी त्यांनी काठीचा व्यायाम मोजायला तुमच्याजवळ बसावे.

झोपताना उताणे किंवा उजव्या कुशीवर झोपावे आणि डाव्या हाताखाली कोपरापासून खांद्यापर्यंत उशी द्यावी, म्हणजे हाताचा भार रात्रभर मानेवर लोंबत नाही. दिवसा बसतानाही कोपर उशीवर किंवा खुर्चीच्या हातावर टेकवावे. हात गळ्यात झोळी बांधून कायम अडकवून ठेवू नये, त्याने सांधा आखडतो. वेणी घालताना कोपर उंच टेबलावर किंवा ओट्यावर टेकवून डोके थोडे खाली आणावे. ब्लाउज पुढे हुक असलेला असावा. घालताना डावा हात आधी, काढताना शेवटी. पदर पिनेने बसवावा, आणि खांद्याला पिशवी अडकवायची तर उजव्या. एस.टी.त उभे राहावे लागले तर वरचा दांडा डाव्या हाताने धरू नये, गाडीच्या एका गचक्याने महिन्याची कमाई जाते. भाकरी थापणे, भाजी चिरणे, धुणे पिळणे ही कोपराच्या उंचीवरची कामे दुखत नसेल तर जरूर करावीत, कारण हात वापरात राहणे चांगलेच आहे. भरलेली बादली वा घागर मात्र डाव्या हाताने लोंबकळत नेऊ नये.

डॉक्टरांकडे जाताना डिस्चार्ज कार्ड बरोबर ठेवा आणि मानेची शस्त्रक्रिया कोणत्या प्रकारची झाली ते विचारा. कार्डावर सिलेक्टिव्ह किंवा मॉडिफाइड रॅडिकल असे लिहिले असेल तर साधारणपणे नस राखलेली असते. सुधारणेचे काहीच चिन्ह नसेल तर नसेची व स्नायूची विद्युत तपासणी, म्हणजे एनसीव्ही व ईएमजी, करावी का असे विचारा. स्नायूकडे निरोप पोहोचू लागला आहे का, हे त्यातून हात उचलण्याआधीही कळू शकते. थायरॉइडची रक्ततपासणीही करून घ्या, कारण मानेला शेक दिल्यानंतर ती ग्रंथी मंदावू शकते आणि त्यानेही अंग दुखते, थकवा येतो. वेदनाशामक गोळ्या मेडिकलमधून आपल्या मनाने घेऊ नका. नसेच्या दुखण्यावर रात्री घ्यायची वेगळी औषधे असतात आणि ती डॉक्टर देऊ शकतात. खांदा आखडलाच असेल तर सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन सुचवले जाऊ शकते. ते घेण्यास हरकत नाही, पण त्यानंतर काही दिवस साखर वाढते, म्हणून मधुमेहाच्या डॉक्टरांना आधी कळवावे.

राहिला बागेचा प्रश्न. या छाटणीला बागेत अवश्य जा, मजुरांवर लक्ष ठेवा, हिशेब पाहा, पण मांडवाखाली हात वर धरून करायचे कोणतेही काम, मग ती काडी कापणे असो, पुढे घडांची विरळणी असो की डिपिंग (घड द्रावणात बुडवणे), या हंगामात डाव्या हाताने करू नका आणि 'थोडा वेळच' म्हणूनही करू नका. माल निघेल तेव्हा घड निवडणे आणि पेटी भरणे, किंवा बेदाणा निवडणे, ही कामे टेबल कोपराच्या उंचीचे ठेवून, बसून, मध्ये मध्ये विश्रांती घेत करता येतील. आजच भिंतीजवळ उभे राहून डाव्या हाताची बोटे दुखू न देता जेथपर्यंत पोहोचतात तेथे पेन्सिलीने खूण करा, तारीख लिहा आणि दर पंधरा दिवसांनी नवी खूण करत जा. एप्रिलच्या खरड छाटणीत काय करायचे ते मार्चच्या तपासणीत त्या खुणा आणि डॉक्टरांचे मत एकत्र ठेवून ठरवा.